"अकरा वर्षं लावतेय, आताच कसं होईल?": त्वचेची कॉन्टॅक्ट ॲलर्जी समजून घेताना

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतेय. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बघा" थोडे कमी केलेत, बाकी भाषा आहे तशीच ठेवली आहे.

आज सॉफ्टवेअर नाही, आज त्वचा. विषय आहे कॉन्टॅक्ट ॲलर्जी, म्हणजे एखादी वस्तू त्वचेला लागली की तिथे जी खाज, लाली, पुरळ उठते ती. सुरुवातीलाच सांगते, मी डॉक्टर नाही. मी बीटेक केलेली, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिणारी मुलगी. पण गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात जे झालं त्यात मी स्वतः एक मोठी चूक करता करता वाचले. ती चूक तुमच्या घरात होऊ नये म्हणून हा भाग.

०१:३० | वांग्याची भाजी आणि सोमवारची सकाळ

दादाचा साखरपुडा तोंडावर आला होता. आईने शनिवारी संध्याकाळी पार्लरमध्ये जाऊन केस काळे करून घेतले. रविवारी दुपारी कपाळाच्या कडेला आणि कानामागे खाज सुरू झाली. सोमवारी सकाळी उठली तर डोळे उघडेनात. पापण्या इतक्या सुजल्या होत्या की बाबांनी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा क्षणभर मला आई ओळखूच आली नाही. मी पुण्यात, घर साताऱ्यात. नुसतं बघत बसण्यापलीकडे काही करता येईना.

मग घरात शोध सुरू झाला. आजीचा निकाल लगेच लागला, "काल वांग्याची भाजी खाल्लीस ना, तीच अंगावर उठलीय." बाबांना पाण्याचा संशय. जवळच्या दवाखान्यात पहिला प्रश्न आला, "काल काय खाल्लं होतं?" इंजेक्शन झालं, ॲलर्जीच्या गोळ्या मिळाल्या.

मी सहज म्हटलं, "आई, डायमुळे झालं असेल का गं?"

आई म्हणाली, "अगं, अकरा वर्षं लावतेय मी. आताच कसं होईल?"

खरं सांगते, मला ते पटलं. अकरा वर्षं चालणारा कोड अचानक बिघडला तर आपण आधी नव्या बदलाकडे बोट दाखवतो. डाय जुना, वांगं कालचं. म्हणजे वांगं दोषी! एक गोष्ट मात्र आईने बोलता बोलता सांगितली होती आणि मी कानाआड केली. गेलं वर्षभर डाय लावल्यावर तिच्या कानामागे थोडी खाज यायची आणि दोन-तीन दिवसांत जायची. ती म्हणायची, उकाड्याने होतंय. लॉगमध्ये वॉर्निंग येत होती, आम्ही कोणी वाचत नव्हतो.

०४:१० | बिब्बा उतणे, म्हणजे नेमकं काय?

हा प्रकार आपल्या आजी-पणजीला चांगला माहीत होता. आपल्याकडे त्याला शब्दच आहे, बिब्बा उतणे. बिब्ब्याचं तेल लागलं की काही जणांना तिथे फोड येतात, आग होते, सूज येते. पूर्वी धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्बा वापरायचे. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांना मानेवर, बरोबर कॉलरच्या खुणेच्या जागी, पुरळ उठायला लागली. डॉक्टरांनी तिला नावच दिलं, "धोबी मार्क डर्माटायटिस". बिब्बा, काजू, आंबा आणि अमेरिकेतली कुप्रसिद्ध पॉयझन आयव्ही ही वेल, हे सगळे एकाच कुळातले. म्हणून काजूच्या टरफलाचं तेल किंवा आंब्याचा चीक लागूनही असंच होऊ शकतं.

आता मुद्दा असा की बिब्बा सगळ्यांना सारखा उतत नाही. एकाच घरात एकाला काही होत नाही, दुसऱ्याचा हात भाजल्यासारखा होतो. असं का? तर इथे दोन वेगळे प्रकार आहेत.

पहिला प्रकार, इरिटंट. म्हणजे पदार्थ थेट त्वचेला इजा करतो. ॲसिड सांडलं तर कोणालाही भाजेल. भांड्याचा साबण दिवसातून दहा वेळा हाताला लागला तर कोणाचेही हात कोरडे पडतील, भेगा पडतील. यात शरीराच्या स्मरणशक्तीचा काही संबंध नाही. किती तीव्र आणि किती वेळ, एवढंच गणित. हातांच्या रोजच्या तक्रारींमध्ये हा प्रकार सगळ्यात जास्त दिसतो.

दुसरा प्रकार, खरी ॲलर्जी. इथे पदार्थ साधाच असतो, बाकीच्यांना काही होत नाही. पण तुमच्या रोगप्रतिकार यंत्रणेने त्याला शत्रू म्हणून नोंदवून ठेवलेलं असतं. त्यामुळे थोडासाही पुरतो. बिब्ब्याच्या तेलात तर दोन्ही गुण आहेत.

०६:३० | नोंद आधी, भांडण नंतर

ही नोंद कशी होते ते थोडं सावकाश बघू, कारण "आताच कसं होईल" याचं उत्तर इथेच आहे.

त्वचेचा वरचा थर म्हणजे एक दाट भिंत. मोठे रेणू सहसा त्यातून आत जात नाहीत. ढोबळ नियम असा की ५०० डाल्टनपेक्षा लहान रेणूच आत शिरू शकतात. केसांच्या काळ्या डायमध्ये पॅराफेनिलिनडायअमिन नावाचं रसायन असतं, सोयीसाठी पीपीडी म्हणू. त्याचं वजन साधारण १०८ डाल्टन. म्हणजे अगदी चिमुकला, भिंतीच्या फटीतून सहज आत.

इतक्या लहान रेणूची रोगप्रतिकार यंत्रणा एरवी दखलही घेत नाही. पण तो आत जाऊन आपल्याच त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो. आता ते प्रथिन ओळखीचं राहत नाही. त्वचेत पहारा देणाऱ्या पेशी तो नमुना उचलतात आणि जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तिथे टी-पेशी असतात. त्यातल्या एखाद्या टी-पेशीला तो नमुना जुळला, तर तिच्या प्रती तयार होतात आणि शरीरभर पसरतात. या सगळ्याला दहा ते पंधरा दिवस लागतात, आणि गंमत म्हणजे या काळात बाहेर काहीच दिसत नाही. ना खाज, ना पुरळ. फक्त डेटाबेसमध्ये एक नोंद पडते.

ही नोंद पहिल्या वापरात पडेल, दहाव्या महिन्यात पडेल की अकराव्या वर्षी, ते आधी सांगता येत नाही. दर वेळी डाय लावणं म्हणजे नोंद पडायची आणखी एक संधी. म्हणून "इतकी वर्षं काही झालं नाही" हा पुरावा फक्त कालपर्यंतचा असतो. आणि खरं तर ॲलर्जी व्हायला वस्तू आधी वापरलेली असावीच लागते. आजवर जी कधी लागलीच नाही, तिची नोंद कुठून असणार?

एकदा नोंद पडली की पुढच्या वेळी त्या टी-पेशी त्या जागी जमतात आणि भांडण सुरू करतात. त्यांना जमायला वेळ लागतो, साधारण २४ ते ७२ तास. आईचं आठवा. शनिवारी संध्याकाळी डाय, सोमवारी सकाळी सूज. मध्ये छत्तीस तास गेले आणि रविवारच्या ताटातलं वांगं फुकट बदनाम झालं.

हे काम रक्तातल्या अँटिबॉडींचं नसून पेशींचं आहे, हे १९४२ मध्ये कळलं. रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर आणि त्यांचे सहकारी मेरिल चेस यांनी गिनीपिगवर प्रयोग केले. ॲलर्जी असलेल्या प्राण्याच्या पेशी दुसऱ्याला दिल्या की ॲलर्जी त्याच्याकडे जात होती, रक्तातल्या नुसत्या पाण्यासारख्या भागाने जात नव्हती.

याचा आपल्याला उपयोग काय? दोन गोष्टी. एक, शिंका किंवा पित्त उठण्यावर ज्या ॲलर्जीच्या गोळ्या चालतात, त्या इथे फारशा चालत नाहीत. झोप यायला मदत होते, पुरळ त्याने हटत नाही. दोन, "एका रक्ततपासणीत शंभर ॲलर्जी" अशी जी पॅकेजेस असतात, ती वेगळ्या प्रकारची ॲलर्जी शोधतात. डाय, निकेल, सिमेंट यांची कॉन्टॅक्ट ॲलर्जी त्यात सापडत नाही. मी आईसाठी असं एक पॅकेज बुक करायला निघाले होते, म्हणून सांगतेय.

१०:०० | माझी चूक

सूज उतरल्यावर आईला पुन्हा काळजी लागली. फेब्रुवारीत लग्न. "मुलाची आई पांढऱ्या केसांनी उभी राहणार का?" मी म्हटलं, आई, तू काळजी करू नकोस, चांगल्यातला डाय मागवते. आणि मी ऑनलाइन एक महागडा डबा मागवला. त्यावर हिरव्या पानांचं चित्र, "अमोनिया फ्री", "हर्बल". मला वाटलं, झालं काम.

नशीब असं की तोवर त्वचारोगतज्ज्ञांची अपॉइंटमेंट मिळाली होती. त्यांच्या दवाखान्यातून सांगितलं होतं की चेहऱ्याला, केसांना, अंगाला जे जे लावता ते सगळं घेऊन या. आईने पिशवी भरली. तेल, शाम्पू, पावडर, टिकलीचं पाकीट, कानातले, आणि माझा तो नवा डबा. डॉक्टर मॅडमनी डबा हातात घेतला, पुढची बाजू बघितलीही नाही. मागे वळवला, बारीक अक्षरांत पेनाने एका शब्दाखाली रेघ मारली आणि माझ्याकडे दिला. तो शब्द होता पॅराफेनिलिनडायअमिन.

त्या म्हणाल्या, "अमोनिया नाही म्हणजे पीपीडी नाही असं नसतं. हे लावलं असतं तर या वेळी सूज मागच्यापेक्षा जास्त आली असती."

मी रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढते. आणि आईच्या डोक्याला लावायच्या डब्याची मागची बाजू मी वाचली नव्हती.

मग त्यांनी नीट समजावलं. कायमच्या डायमध्ये पीपीडी आणि डेव्हलपर अशा दोन गोष्टी मिसळतात. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. केसाच्या आत त्यांची क्रिया होऊन मोठे रंगीत रेणू बनतात, ते आतच अडकतात, म्हणून रंग टिकतो. काम चोख होतं म्हणूनच तो इतका वापरला जातो. युरोपात डोक्याला लावायच्या मिश्रणात पीपीडी २ टक्क्यांपेक्षा जास्त नको असा नियम आहे. आणि हो, डोक्याची त्वचा जाड असते, त्यामुळे पुरळ बऱ्याचदा डोक्यावर कमी आणि पापण्या, कान, मान, कपाळाची कडा इथे जास्त दिसते. "डाय डोक्याला लावला, सूज डोळ्यांना कशी?" याचं उत्तर हे.

१२:४० | पॅच टेस्ट: ४८ तासांचं डीबगिंग

संशय डायवर होता, पण नक्की करायला पॅच टेस्ट हवी. ही कल्पना जुनी आहे. योझेफ याडासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञाने ती १८९५ मध्ये मांडली आणि मूळ पद्धत आजही तीच आहे.

पाठीच्या वरच्या भागावर छोट्या छोट्या चकत्या चिकटवतात. प्रत्येक चकतीत एक संशयित, ठरलेल्या प्रमाणात. पीपीडी असेल तर व्हॅसलिनमध्ये १ टक्का, अशा पद्धतीने. आपल्याकडे भारतीय वापराच्या वस्तू लक्षात घेऊन केलेला संच वापरतात. चकत्या ४८ तास तशाच ठेवायच्या. पाठीवर पाणी नाही, घाम येईल असं काम नाही. नंतर काढून बघतात, आणि एक-दोन दिवसांनी पुन्हा बघतात, कारण काही पदार्थ उशिरा उत्तर देतात. म्हणजे आठवड्यात तीन फेऱ्या. कंटाळवाणं आहे, पण दुसरी फेरी टाळायची नाही.

आईची टेस्ट डिसेंबरमध्ये झाली. तोवर पुरळ पूर्ण गेली होती. पुरळ जोरात असताना किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना ही टेस्ट सहसा करत नाहीत, निकाल चुकतो. निकाल आला: पीपीडी दोन अधिक, निकेल एक अधिक. आई म्हणाली, "म्हणजे बाजारातले कानातले घातले की कान चिघळतात, ते यामुळे?" हो, त्यामुळेच. एका टेस्टमध्ये वीस वर्षांचं दुसरं कोडंही सुटलं.

एक गोष्ट ठळक सांगते. ज्यांना डायची रिॲक्शन आधी आलेली आहे त्यांनी "थोडंसं लावून बघू" असा प्रयोग घरी करायचा नाही. ज्यांना कधी काही झालेलं नाही त्यांनी मात्र डब्यावर लिहिलेली ४८ तास आधीची चाचणी दर वेळी करायची. ओळ वाचून सोडून देण्यासाठी ती छापलेली नसते.

१५:०० | आपल्या घरातले नेहमीचे संशयित

यादी मोठी आहे, मी आपल्याकडे जास्त भेटणारे सांगते. आणि प्रत्येकाबरोबर जागा सांगते, कारण पुरळ कुठे उठली हाच सगळ्यात मोठा धागा असतो.

निकेल. कानाची पाळी, मनगटावर घड्याळाच्या बकलखाली, बेंबीखाली जीन्सच्या बटणाच्या जागी, गळ्यात खोट्या दागिन्यांखाली. युरोपात त्वचेला लागणाऱ्या वस्तूंमधून किती निकेल सुटावं यावर १९९४ पासून कायदा आहे. निकेल ओळखायला डायमिथिलग्लायऑक्साइमचं द्रावण मिळतं. कापसावर घेऊन दागिन्यावर घासायचं, कापूस गुलाबी झाला तर निकेल सुटतंय.

टिकली. कपाळाच्या मधोमध, टिकलीच्याच आकाराची खाज. दोष सहसा मागच्या गोंदातल्या रेझिनचा. इथे दुर्लक्ष करू नका, कारण काहींना त्या जागी पांढरा डाग पडतो आणि तो लवकर जात नाही. खाज सुरू झाल्याबरोबर टिकली बंद.

गाजरगवत. यालाच आपण काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी म्हणतो. १९५० च्या दशकात हे पहिल्यांदा पुण्यात लक्षात आलं आणि पुढे देशभर पसरलं. त्यातल्या पार्थेनिन या द्रव्याची ॲलर्जी होते. वाळलेल्या गवताचा भुगा हवेतून येतो, त्यामुळे हात न लावताही पापण्या, मान, कोपराचा आतला भाग इथे त्रास होतो. शेतात काम करणाऱ्यांना हे वर्षानुवर्षं छळतं आणि अनेकदा "उन्हाने होतंय" म्हणून सोडून दिलं जातं. पूर्ण बाह्यांचे कपडे, घरी आल्यावर लगेच अंघोळ, आणि ज्याला ॲलर्जी आहे त्याने ते उपटायला जायचंच नाही.

सिमेंट. गवंडीकाम करणाऱ्यांचे हात. ओलं सिमेंट मुळात त्वचा जाळतं, आणि वर त्यातल्या क्रोमियमची ॲलर्जी होते. युरोपात सिमेंटमधल्या या क्रोमियमवर २ पीपीएमची मर्यादा आहे. क्रोमियमने कमावलेल्या चामड्याच्या चपलेमुळे पायावर बरोबर पट्ट्यांच्या नक्षीची पुरळ येते. पारंपरिक कोल्हापुरी चपलेचं चामडं झाडांच्या साली वगैरे वापरून कमावतात, क्रोमियमने नाही. अर्थात खरी पारंपरिक असेल तर.

क्रीम आणि वेट वाइप्स. सुगंध आणि प्रिझर्वेटिव्ह हे दोन मोठे गट. मिथाइलआयसोथायाझोलिनोन या प्रिझर्वेटिव्हने इतका त्रास दिला की अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्माटायटिस सोसायटीने २०१३ सालचा "ॲलर्जन ऑफ द इयर" म्हणून त्याची निवड केली. असे पुरस्कारही असतात बघा!

आणि काळी मेंदी. हे लक्ष देऊन वाचा. खऱ्या मेंदीचा रंग केशरी ते तपकिरी येतो आणि चढायला काही तास लागतात. जी मेंदी अर्ध्या तासात कुळकुळीत काळी होते, तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेलं असतं, आणि कधी कधी डायमध्ये असतं त्याहून कितीतरी जास्त. जत्रेत, समुद्रकिनाऱ्यावर लहान मुलांच्या हातावर जे काळे टॅटू काढतात त्यात हेच असू शकतं. मूल आठ वर्षांचं असताना नोंद पडते आणि तिशीत पहिल्यांदा केस रंगवताना चेहरा सुजतो.

१८:१० | झालं तर काय करायचं

क्रमाने सांगते.

पहिलं, वस्तू लागणं थांबवा आणि ती जागा भरपूर साध्या पाण्याने, सौम्य साबणाने धुवा. डाय असेल तर केस पुन्हा नीट धुवायचे.

दुसरं, थंड पाण्याच्या घड्या. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. त्यावर साधं, बिनवासाचं व्हॅसलिन.

तिसरं, काय लावायचं नाही. हळद, लिंबू, टूथपेस्ट, लसूण, आणि घरात पडलेली कुठलीही ट्यूब. मेडिकलमधून आणलेल्या "तीन इन वन" क्रीममध्ये स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. त्यातल्या निओमायसिनसारख्या अँटिबायोटिकचीच अनेकांना ॲलर्जी असते. शिवाय चेहऱ्यावर स्टेरॉइड मनाने लावत राहिलं तर त्वचा पातळ होते. स्टेरॉइड मलम हे इथलं खरं औषध आहेच, पण कोणत्या ताकदीचं, कुठे आणि किती दिवस, हे डॉक्टरांनी ठरवायचं.

चौथं, वाट बघा. कारण दूर केलं तरी पुरळ जायला दोन ते चार आठवडे लागू शकतात. चार दिवसांत फरक नाही म्हणून संशयिताला निर्दोष सोडू नका.

पाचवं, डायरी ठेवा. त्यात नुसतं आजचं नाही, मागच्या तीन दिवसांचं लिहा. काय लावलं, काय घातलं, कुठे गेलो, कुठल्या जागी पुरळ. आईच्या वेळी आम्ही फक्त चोवीस तास मागे गेलो आणि चुकलो.

आणि थांबायचं नाही अशी वेळ: श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा जीभ सुजणे, घसा आवळल्यासारखा वाटणे, चक्कर. असं झालं तर घड्या करत बसू नका, थेट हॉस्पिटल. डायमुळे असं होणं दुर्मीळ आहे, पण होऊ शकतं. डोळे मिटण्याइतकी सूज असेल, अंगभर फोड असतील, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

२०:४० | नोंद पुसता येत नाही, मग जगायचं कसं?

ही नोंद सहसा आयुष्यभर राहते. ती पुसणारं औषध आज आपल्या हाती नाही. उपाय एकच, टाळणं. पण टाळणं म्हणजे घाबरून सगळंच सोडणं नव्हे. आजीने वांग्यावर घातलेली बंदी आम्ही आता उठवली आहे. नेमकं नाव कळण्याचा हाच फायदा. एक गोष्ट सोडायची, बाकी मोकळे.

आईच्या फ्रिजवर आता एक कागद आहे. त्यावर पीपीडीची दोन-तीन नावं इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, आणि त्याच्या सख्ख्या भावंडांचीही. काही डाय "पीपीडी फ्री" असतात, पण त्यात टोल्युइन-डायअमिन असतं आणि पीपीडीची ॲलर्जी असणाऱ्या बऱ्याच जणांना तेही चालत नाही. नवीन डॉक्टर किंवा डेंटिस्टकडे गेलं की आई आधी हे सांगते, कारण बेन्झोकेनसारखी भूल द्यायची काही औषधं रसायनाच्या दृष्टीने याच घराण्यातली. "हर्बल", "नॅचरल", "हायपोॲलर्जेनिक" हे शब्द आम्ही आता वाचतच नाही. पुढची बाजू जाहिरातीची, मागची बाजू कामाची.

लग्नाचं काय झालं? डॉक्टर मॅडमना विचारून आईने शुद्ध मेंदीची पूड आणि निळीच्या पानांची पूड आणली. आधी कोपराच्या आत थोडी लावून चार दिवस वाट बघितली. काही झालं नाही. मग केसांना लावली. रंग काळा नाही आला. सावलीत गडद तपकिरी, उन्हात थोडा लालसर. दादाच्या मेंदीच्या दिवशी कोन भरणाऱ्या ताईला आईने स्वतः विचारलं, "यात काय काय घातलंय?" आणि मांडवात मावशी म्हणाली, "ताई, रंग जरा लालच आलाय गं." आई म्हणाली, "असू दे. डोळे उघडे आहेत ना, लग्न दिसतंय."

तर मंडळी, आजचं काम छोटं आहे. घरी जो कोणी केस रंगवतो, त्याच्या डब्याची मागची बाजू आज वाचा. आणि आई, मावशी, बाबा यांच्यापैकी कोणी "कानामागे थोडी खाज येते, पण जाते" असं म्हणालं, तर माझ्यासारखं कानाआड करू नका.

भाग उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर पाठवा. पुढच्या भागात भेटू. तोवर काळजी घ्या!